भुताला विनोद कळता कामा नये

1922च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर जॉन विलार्ड यांचं ‘द कॅट अँड द कॅनरी’ हे नाटक लागलं. सायरस वेस्ट हा विक्षिप्त धनिक मरून वीस वर्षं झाली आहेत आणि त्याच्याच अटीप्रमाणे त्याचं मृत्युपत्र आज मध्यरात्री, त्याच्याच ओसाड वाड्यात उघडायचं आहे. नातेवाईक जमतात. वकील लखोटा फोडतो आणि सगळी इस्टेट ॲनाबेल या तरुण मुलीच्या नावे निघते. पण म्हाताऱ्याने जाता जाता मेख मारून ठेवलेली असते. ॲनाबेल वेडी ठरली तर इस्टेट दुसऱ्या वारसाला जाणार, आणि त्याचं नाव आणखी एका बंद लखोट्यात आहे. त्यातच वेड्यांच्या इस्पितळाचा रखवालदार येऊन सांगतो, एक खुनशी वेडा पळालाय आणि तो याच आवारात कुठेतरी आहे.

वकील ॲनाबेलला त्या दुसऱ्या वारसाचं नाव सांगायला तोंड उघडतो, आणि त्याच्या मागच्या भिंतीतली फळी सरकते. एक हात बाहेर येतो, वकिलाला आत ओढतो, फळी पुन्हा जागच्या जागी. ॲनाबेल किंचाळते. सगळे धावत येतात तर खोलीत ती एकटीच. आता पाहिलेलं सांगावं तर ती वेडी ठरणार आणि गप्प बसावं तर जिवाला धोका.

भयपटाच्या विडंबनाचा जवळजवळ सगळा इतिहास या एका कोंडीतून निघाला, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही. एकाने पाहिलेलं असतं आणि बाकीच्यांचा विश्वास बसत नाही. हा साचा भीतीचा आहे आणि तितकाच विनोदाचाही. पाहणाऱ्याच्या जागी देखणी वारसदार उभी केली की प्रेक्षक तिच्यासाठी घाबरतो, घाबरट आतेभाऊ उभा केला की तोच प्रेक्षक हसतो. विलार्ड यांनी दोघांनाही एकाच वाड्यात ठेवलं. पॉल जोन्स हा तिचा भित्रा नातेवाईक पलंगाखाली लपतो, अडखळतो, आणि शेवटी त्याच्याच हातून मदत होते. वाड्यात भूत नसतंच. वेड्याचं सोंग घेणारा माणूस म्हणजे त्या दुसऱ्या लखोट्यातला वारस.

ब्रॉडवेला ही चव त्याआधीच लागलेली होती. मेरी रॉबर्ट्स राइनहार्ट आणि एव्हरी हॉपवुड यांच्या 1920च्या ‘द बॅट’चे तिथे 867 प्रयोग झाले. वाडा, वादळ, लपवलेला पैसा, चोरवाटा आणि सतत किंचाळणारी मोलकरीण, असा त्याचा सरंजाम. 1925मध्ये राल्फ स्पेन्स यांनी ‘द गोरिला’ लिहून या सगळ्याचीच खिल्ली उडवली आणि दोन ठार बावळट गुप्तहेर वाड्यात सोडले. म्हणजे वाड्याचं रहस्य आणि त्याचं विडंबन यांच्यात पुरी पाच वर्षंही गेली नाहीत.

याची मुळं मात्र आणखी मागे जातात. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात ॲन रॅडक्लिफ यांच्या कादंबऱ्यांनी धुमाकूळ घातला होता. 1794च्या ‘द मिस्टरीज ऑफ युडोल्फो’त किल्ला, बंद दालनं, पडद्यामागची दृश्यं असं सगळं होतं आणि शेवटी प्रत्येक भयाचा मानवी उलगडा होता. जेन ऑस्टिन यांच्या ‘नॉर्थँगर ॲबी’तली कॅथरीन मॉर्लंड याच पुस्तकांवर पोसलेली. पाहुणी म्हणून गेलेल्या घरात, वादळी रात्री, तिला एका काळ्या कपाटात कागदांची गुंडाळी सापडते. तेवढ्यात मेणबत्ती विझते. रात्रभर ती थरथरत काढते. सकाळी उजेडात वाचते तर ती धोब्याची बिलं! ऑस्टिन यांनी ही कादंबरी 1803मध्येच एका प्रकाशकाला विकली होती, पण ती छापून आली 1817च्या डिसेंबरात, त्यांच्या मृत्यूनंतर. कॅथरीनला भयकथेचे सगळे नियम तोंडपाठ आहेत आणि त्या नियमांमुळेच ती फसते. ‘कथा माहीत असलेलं पात्र’ पुढे या प्रकाराचा दुसरा खांब होणार होतं, त्याची पहिली वीट इथे बसली.

युनिव्हर्सल कंपनीने 1927मध्ये ‘द कॅट अँड द कॅनरी’चा मूकपट केला. दिग्दर्शक होते जर्मनीहून आलेले पॉल लेनी. श्रेयनामावलीवर कोळिष्टकं लोंबताहेत आणि एक हात ती बाजूला सारतो, तेव्हा अक्षरं दिसतात. पुढे लांबलचक बोळ, वाऱ्याने फुगलेले पांढरे पडदे, म्हाताऱ्याच्या भोवती औषधांच्या राक्षसी बाटल्या. लेनींनी नाटकातला विनोद ठेवला आणि भीतीची बाजू कसूनच रंगवली. त्यांच्यासाठी वाडा हा थट्टेचा विषय नव्हता, म्हणून त्यात धडपडणारा माणूस थट्टेचा विषय होऊ शकला.

1939च्या पॅरामाउंटच्या आवृत्तीत बॉब होप आले आणि एक मोठी गोष्ट घडली. होप यांचा वॉली कॅम्पबेल हा पेशाने नट आहे. असल्या नाटकांतून त्याने कामं केली आहेत, त्यामुळे पुढे काय होणार याचा अंदाज तो आधीच बांधत असतो. दिवे जाणार, कुणीतरी गायब होणार, आणि तसं ते होतंही. कॅथरीनचं ज्ञान तिला फसवत होतं, वॉलीचं ज्ञान खरं ठरतं, पण त्याचा त्याला काडीचा उपयोग होत नाही. पुढचा खड्डा दिसत असूनही त्यात पडावंच लागणारा हा माणूस फार हसवतो. पुढच्या वर्षी होप आणि त्यांची नायिका पॉलेट गोडार्ड ही जोडी ‘द घोस्ट ब्रेकर्स’मध्ये क्युबातल्या एका किल्ल्यात गेली आणि तोही चित्रपट चालला.

या सगळ्या मांडणीत एक मर्यादा होती. शेवटी भूत बहुधा खोटं निघायचं. चेहऱ्यावरचा मुखवटा ओढला की मागे काका, वकील किंवा दुसरा वारस. भीती परत केली जायची, मग हसू तेवढं शिल्लक. खऱ्या राक्षसांना विनोदी कथानकात आणून त्यांना खरंच ठेवायचं, हे धाडस व्हायला 1948 साल उजाडावं लागलं.

त्या वेळी युनिव्हर्सलकडे दोन थकलेले धंदे होते. एक राक्षसांचा. 1931च्या ‘ड्रॅक्युला’ आणि ‘फ्रँकेन्स्टाइन’नंतर कंपनीने त्यांचा इतका वापर केला की 1943मध्ये फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस आणि लांडगा-माणूस एकत्र आणावे लागले, 1944च्या ‘हाउस ऑफ फ्रँकेन्स्टाइन’मध्ये आणि 1945च्या ‘हाउस ऑफ ड्रॅक्युला’मध्ये सगळ्यांचीच मोट बांधावी लागली. गर्दी वाढली, पण कथानक तुटक झालं. ड्रॅक्युलाचा भाग संपला की लांडग्याचा सुरू, एकाचं दुसऱ्याशी घेणंदेणं नाही. दुसरा धंदा म्हणजे बड ॲबट आणि लू कॉस्टेलो ही विनोदी जोडी. 1941च्या ‘बक प्रायव्हेट्स’ने त्यांनी तिकीटबारी गाजवली होती, पण आता ओहोटी लागली होती. रॉबर्ट लीस, फ्रेडरिक रिनाल्डो आणि जॉन ग्रँट या तिघा लेखकांनी दोन्ही धंद्यांची गाठ मारली. पटकथेचं मूळ नाव होतं ‘द ब्रेन ऑफ फ्रँकेन्स्टाइन’, पडद्यावर ती आली ‘ॲबट अँड कॉस्टेलो मीट फ्रँकेन्स्टाइन’ म्हणून. दिग्दर्शक चार्ल्स बार्टन.

मूळ नावातच कथानकाची किल्ली होती. ड्रॅक्युलाला राक्षस पुन्हा उभा करायचा आहे, पण या वेळी त्याला आज्ञाधारक, बिनडोक गुलाम हवा आहे. त्यासाठी साधासा मेंदू लागणार, आणि तो मेंदू आहे फ्लोरिडातल्या रेल्वे स्टेशनावर सामान हाताळणाऱ्या विल्बर ग्रे या गोलमटोल कारकुनाच्या डोक्यात. ही भूमिका कॉस्टेलोची.

आता बाकीची पात्रं या एका डोक्याला कशी बांधली आहेत ते पाहण्यासारखं आहे. सँड्रा ही शस्त्रक्रिया करणारी सुंदर डॉक्टर विल्बरवर प्रेमाचं नाटक करते, कारण तिला त्याचा मेंदू हवा. जोन ही दुसरी सुंदरी विमा कंपनीची तपासनीस आहे. ड्रॅक्युला आणि राक्षस ज्यांतून आले त्या हरवलेल्या दोन पेट्यांचा माग काढायला तीही विल्बरवरच प्रेमाचं नाटक करते. या ढोल्याच्या मागे दोन-दोन सुंदऱ्या का लागल्या हे त्याचा जोडीदार चिक याला, म्हणजे ॲबटला, कळत नाही आणि त्याचा जळफळाट होतो. पेट्यांचा मालक मॅकडुगल माल चोरल्याबद्दल दोघांच्याही मानगुटीवर बसलेला. आणि लॅरी टॅलबट, म्हणजे पौर्णिमेला लांडगा होणारा दुर्दैवी जीव, ड्रॅक्युलाला रोखण्यासाठी लंडनहून धावत येतो तोही विल्बरकडेच. ‘हाउस’ चित्रपटांना जे जमलं नव्हतं ते एका विनोदी चित्रपटाने केलं. सगळ्या राक्षसांना एकच गरज दिली. प्रेमप्रकरण, चोरीचा तपास, राक्षसाची निर्मिती आणि मैत्रीतली कुरबुर ही चारही सूत्रं एका ठिकाणी अडकवली. त्या काळातल्या गंभीर भयपटांपेक्षाही ही वीण घट्ट आहे.

आणि मग ते दृश्य. रात्रीची वेळ, मेणाच्या पुतळ्यांचं संग्रहालय. दोघांनी पेट्या आणून टाकल्या आहेत. चिक दुसऱ्या पेटीसाठी बाहेर गेला आहे. शवपेटीवर मेणबत्ती ठेवून विल्बर माहितीचं कार्ड मोठ्याने वाचतो आहे: सूर्यास्तानंतर ड्रॅक्युला पेटीतून उठतो, वगैरे. पाठीमागे झाकण करकरत उचललं जातं. त्यासरशी वरची मेणबत्ती सरकते. विल्बर वळतो. झाकण बंद. पुन्हा वाचायला लागतो. पुन्हा करकर, पुन्हा मेणबत्ती पुढे. आता त्याच्या घशातून आवाज फुटत नाही, नुसती हवा निघते, आणि मोठ्या मुश्किलीने चिकच्या नावाची किंकाळी येते. चिक येतो. सगळं शांत. चिक त्याला झापतो आणि पुन्हा बाहेर जातो.

ॲनाबेल, वकील आणि सरकणारी फळी, तीच ही कोंडी. पण इथे एक गोष्ट बदलली आहे. पेटीत खरोखर ड्रॅक्युला आहे, आणि तोही बेला लुगोसी, 1931चा तोच नट, सतरा वर्षांनी पुन्हा त्याच झग्यात. प्रेक्षकाला इथेही सगळं दिसतं आहे. विल्बर खरं बोलतो हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणून चिकची प्रत्येक झिडकार एकाच वेळी हसवते आणि चिडवतेही.

हीच युक्ती पुन्हा पुन्हा वापरली असती तर चित्रपट अर्ध्यात दमला असता. लेखकांनी ती दर वेळी फिरवली. टॅलबट विल्बरला बजावतो, मला खोलीत कोंड आणि काही झालं तरी दार उघडू नकोस. विल्बर त्याची बॅग द्यायला आत जातोच. टॅलबट आता लांडगा झालेला आहे. तो मागून झेप घेतो आणि नेमका विल्बर वाकतो. पुन्हा झेप, पुन्हा हुकते. विल्बर निवांत बाहेर पडतो, त्याला काहीही कळलेलं नाही. एरवी एकटाच पाहणारा जो माणूस, त्यालाच या एका प्रसंगात आंधळं केलं. पुढे बेटावरच्या किल्ल्यात फिरत्या भिंतीचा खेळ आहे. विल्बर त्या बाजूला गेला की राक्षस, चिक गेला की रिकामी खोली. एकदा तर विल्बर अंधारात खुर्ची समजून राक्षसाच्या मांडीवरच बसतो आणि स्वतःच्या हातांशेजारी तिसरा हात दिसल्यावर बोटं मोजायला लागतो. मुखवट्यांच्या नाचाच्या कार्यक्रमात चिक लांडग्याचा मुखवटा घेऊन जातो, खरा लांडगा मॅकडुगलवर हल्ला करतो, आणि आळ येतो चिकवर. आतापर्यंत जो विश्वास ठेवत नव्हता, त्याच्यावर आता कोणी विश्वास ठेवत नाही.

या सगळ्यात ड्रॅक्युला, लांडगा आणि राक्षस एकदाही विनोद करत नाहीत. लुगोसी तितक्याच धीरगंभीरपणे मोहिनी घालतो. लॉन चेनी ज्युनिअरचा टॅलबट आपल्या शापाबद्दल बोलताना खरोखर व्याकूळ असतो. विनोद विल्बरच्या प्रतिक्रियेत असतो, समोरच्या संकटात नसतो. पडद्यामागे मात्र परिस्थिती वेगळी होती. शिल्लक राहिलेल्या चित्रफितींत मांडीवरच्या प्रसंगात राक्षस झालेले ग्लेन स्ट्रेंज कॉस्टेलोच्या हातवाऱ्यांनी पुन्हा पुन्हा फिसकन हसताना दिसतात. ती सगळी दृश्यं गाळली गेली. राक्षस हसला असता तर कथानकच कोसळलं असतं.

शेवटही भयपटाच्या नियमांनीच होतो. शस्त्रक्रियेच्या टेबलाला बांधलेल्या विल्बरला सोडवायला टॅलबट येतो आणि पट्टे सोडता सोडताच चंद्र उगवतो. पुढे वटवाघूळ होऊन उडणाऱ्या ड्रॅक्युलावर लांडगा झेप घेतो, दोघेही समुद्रात पडतात. राक्षस धक्क्यावरच्या आगीत जळतो. नायकांनी कोणालाच मारलेलं नसतं. ते पळत असतात आणि राक्षस आपापल्या वाटेने संपतात. मग होडीत बसल्यावर विल्बर चिकला झापतो, यापुढे माझ्यावर विश्वास ठेव. तेवढ्यात हवेतल्या हवेत सिगारेट पेटते आणि अदृश्य माणसाचा आवाज येतो. तो आवाज व्हिन्सेंट प्राइस यांचा. या वेळी दोघांनाही एकदमच ‘दिसतं’ आणि दोघेही पाण्यात उडी टाकतात. कोंडी सुटली, गोष्ट संपली. या चित्रपटाने जोडीची गाडी रुळावर आली आणि 1955पर्यंत त्यांच्या गाठीभेटी अदृश्य माणसापासून ममीपर्यंत चालू राहिल्या. 2001मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला. हा मान सर्वस्वी योग्य आहे.

पुढची मोठी उडी 1974ची. जीन वाइल्डर आणि मेल ब्रूक्स यांनी ‘यंग फ्रँकेन्स्टाइन’ लिहिला तेव्हा त्यांच्या प्रेक्षकांनी जुने चित्रपट टीव्हीवर अनेकदा पाहिलेले होते. आता कथा माहीत असलेलं पात्र लागत नव्हतं, प्रेक्षकच ते पात्र होता. त्यामुळे त्यांनी जुनं कथानक मोडलं नाही, उलट काटेकोरपणे पाळलं. वारस आगगाडीने येतो आणि लाकडी हाताचा पोलीस अधिकारी त्याच्या मागावर असतो, हे 1939च्या ‘सन ऑफ फ्रँकेन्स्टाइन’मधून. तळ्याकाठची लहान मुलगी आणि नोकराच्या हातून पडलेला चांगला मेंदू 1931मधून. कुबडा नोकर घाबरून बरणी पाडतो आणि विकृत मेंदू उचलून आणतो, हे तर मूळ चित्रपटात अगदी गंभीरपणे घडलेलं आहे. ब्रूक्सनी ते तसंच ठेवलं आणि फक्त बरणीवरची चिठ्ठी नोकराला, म्हणजे इगोरला, चुकीची वाचायला लावली.

1935च्या ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’मध्ये एक आंधळा साधू राक्षसाला झोपडीत घेतो, सूप देतो, दारू देतो, चिरूट देतो. हॉलिवूडच्या सगळ्यात हळव्या दृश्यांपैकी ते एक आहे. ब्रूक्सच्या चित्रपटात जीन हॅकमन यांचा आंधळा तेच करतो. पण डोळ्यांनी दिसत नाही म्हटल्यावर काय होणार? उकळतं सूप राक्षसाच्या मांडीवर, जाम आपटताना त्याचा पेला फुटतो, आणि चिरूट म्हणून पेटतो राक्षसाचा अंगठा. साधू मनापासून प्रेमळ आहे, राक्षस मनापासून भुकेला आहे. दोघांपैकी एकाच्याही मनात थट्टा नाही. ब्रूक्सनी 1931च्या प्रयोगशाळेची यंत्रं बनवणारे केनेथ स्ट्रिकफाडेन यांच्याकडून तीच जुनी सामग्री आणवली, चित्रपट काळ्या-पांढऱ्या रंगात करण्याचा हट्ट धरला आणि त्यापायी कोलंबिया कंपनी सोडून ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सचं दार गाठलं.

एका दृश्यावरून दोघांत कडाक्याचा वाद झाला. शास्त्रज्ञ आणि राक्षस कोट-टोपी घालून रंगमंचावर नाचतात, ही कल्पना वाइल्डरची. ब्रूक्सना ती फार उथळ वाटली. वाइल्डर भांडले आणि जिंकले. ते जिंकले हे बरं झालं, कारण तो नाच कथानकाच्या ऐन वळणावर बसला आहे. नाच रंगात असताना रंगमंचावरचा एक दिवा फुटतो, राक्षसाला आगीची जुनी भीती आठवते, प्रेक्षक भाजीपाला फेकतात, तो पिसाळतो, आणि गोष्ट पुढच्या अंकात जाते. गाणं काढलं तर पुढचा पाठलागच उरत नाही. शेवटी मात्र ब्रूक्स-वाइल्डर मूळ कथेपासून फारकत घेतात. जुन्या चित्रपटात गावकऱ्यांचा जमाव पवनचक्कीला आग लावतो. इथे शास्त्रज्ञ आपल्या बुद्धीचा वाटा राक्षसाला देतो आणि राक्षस जमावासमोर भाषण करतो. त्या भाषणात तो आपल्या एकटेपणाबद्दल बोलतो आणि जमाव शांत होतो. मेरी शेलींच्या कादंबरीतल्या बोलक्या, दुखावलेल्या जीवाच्या हा शेवट 1931च्या मुक्या राक्षसापेक्षा जवळ जातो.

एकाला दिसतं आणि बाकीच्यांना पटत नाही, ही रचना मराठी प्रेक्षकाला शिकवायला कोणी लागलं नाही, ती 1993मध्ये महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ने थेट घरात आणली. त्याचं बीज 1988च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकन भयपटात होतं. मरणाऱ्या गुन्हेगाराचा आत्मा मंत्राने बाहुल्यात शिरतो, आणि पुन्हा माणूस व्हायचं तर ज्याला पहिल्यांदा आपलं गुपित सांगितलं त्याच्याच देहात शिरावं लागतं. अमेरिकन चित्रपटात तो सहा वर्षांचा अँडी आहे. पोरगं आहे म्हणून त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. मराठीत त्या जागी लक्ष्मीकांत बेर्डे यांचा लक्ष्या आला, चांगला वाढलेला माणूस. मग त्याच्यावर अविश्वास का? कारण लक्ष्याला शब्दभ्रमकार व्हायचं आहे! बोलक्या बाहुल्यांचं वेड असलेल्या माणसाने सांगितलं की बाहुला बोलतोय, तर लोक काय समजणार? या एका बदलात फार मोठी कारागिरी आहे. अविश्वासाचं कारण नायकाच्या छंदातच पेरलं गेलं, त्यासाठी वेगळा प्रसंग रचावा लागला नाही. तात्या विंचूचा बाहुला चालवला तो रामदास पाध्ये यांनी, म्हणजे पडद्यावरच्या लक्ष्याला जे व्हायचं होतं त्याच विद्येच्या महाराष्ट्रातल्या अव्वल कलावंताने. माणूस असतानाचा तात्या दिलीप प्रभावळकरांनी केला. तात्याला लक्ष्याचं शरीर खरोखर हवं आहे, ही टोचणी चित्रपट शेवटपर्यंत बोथट होऊ देत नाही. लहानपणी तो पाहून खोलीतल्या बाहुल्यांकडे पाठ करून न झोपणारी मराठी मुलांची एक पिढी आहे, आणि तीच पिढी लक्ष्याच्या तारांबळीवर खदखदून हसलेलीही आहे.

1996च्या ‘स्क्रीम’मध्ये वॉली कॅम्पबेलचा वारसा पुन्हा वर आला. केविन विल्यमसन यांच्या पटकथेतला रँडी व्हिडिओच्या दुकानात काम करतो आणि भयपटात जिवंत कसं राहायचं याचे नियम पार्टीत उभा राहून सांगतो. वेस क्रेव्हन यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट विडंबन नव्हता, खराखुरा रहस्यपट होता. त्याच्या पटकथेचं पहिलं नाव ‘स्केरी मूव्ही’ होतं. ते नाव 2000मध्ये कीनन आयव्हरी वेयन्स यांच्या विडंबनाने घेतलं. ‘स्क्रीम’चा मुखवटेधारी खुनी आणि ‘आय नो व्हॉट यू डिड लास्ट समर’मधला लपवलेला अपघात ही दोन कथानकं एकत्र शिवून हा चित्रपट उभा राहिला. सुमारे 1 कोटी 90 लाख डॉलरमध्ये झालेल्या या चित्रपटाने जगभरात 27 कोटी डॉलरहून अधिक कमावले.

पण अडचण अशी की ज्याची टिंगल करायची तो ‘स्क्रीम’ स्वतःच आपल्या नियमांबद्दल हसत होता. हसणाऱ्याला हसवणं कठीण. मग ‘स्केरी मूव्ही’ने खुन्यालाच विनोदी करून टाकलं. तो पोरांबरोबर गांजा ओढतो, त्या वर्षी गाजत असलेल्या बिअरच्या जाहिरातीची नक्कल करतो. त्या क्षणी हशा पिकतो खरा, पण नंतर त्याच्या हातातल्या सुऱ्याला वजन उरत नाही. सुरुवातीचा टेलिफोनचा प्रसंग आजही जमून येतो, कारण तो ‘स्क्रीम’च्या सुरुवातीला पायरी-पायरीने चिकटून जातो. पुढे कथानक निखळतं आणि चुटके उरतात. त्या चित्रपटाच्या सहा लेखकांपैकी जेसन फ्रीडबर्ग आणि ॲरन सेल्झर यांनी 2006चा ‘डेट मूव्ही’ आणि 2007चा ‘एपिक मूव्ही’ केला, तेव्हा गाजलेल्या चित्रपटांचे तुकडे एकापुढे एक ठेवण्यापलीकडे काही राहिलं नाही. जवळजवळ ऐंशी वर्षांत कमावलेली रचना सात वर्षांत उधळली गेली, याचं वाईट वाटतं.

त्याच काळात लंडनमध्ये एडगर राइट आणि सायमन पेग यांनी उलट दिशेने काम केलं. 2004च्या ‘शॉन ऑफ द डेड’मध्ये नायकाचं प्रेम मोडतं त्या रात्री त्याचा मित्र एड गुत्त्यात बसून उद्याचा दारू पिण्याचा बेत सांगतो: आधी अमुक पेय, मग तमुक ठिकाणी घास, मग पेल्यांची जोडी, मग झोकांड्या खात परत इथेच. ऐकताना ती नुसती बेवड्याची बडबड वाटते. प्रत्यक्षात त्यात चित्रपटाचं सगळं कथानक क्रमाने सांगून टाकलेलं आहे, बागेतल्या पहिल्या झोंबीपासून सावत्र बापाला झालेल्या चाव्यापर्यंत आणि शेवटी गुत्त्यातल्या गोळीबारापर्यंत. वॉलीला कथा माहीत होती आणि रँडीला नियम माहीत होते. एडने सगळं सांगितलं, आणि कोणाच्या लक्षातच आलं नाही, स्वतः एडच्याही.

शॉनची दुकानापर्यंतची फेरीही तशीच. एका सकाळी तो घरातून निघून कोपऱ्यावरच्या दुकानात जातो आणि परत येतो, एका सलग दृश्यात. दुसऱ्या सकाळी तीच फेरी, तसंच सलग दृश्य, फक्त रस्त्यावर झोंबी फिरताहेत. दुकानातल्या फ्रीजच्या काचेवर रक्ताचा पंजा, जमिनीवर रक्ताचं थारोळं, त्यावरून त्याचा पाय घसरतो. डोकं जड असल्याने शॉनला काहीच दिसत नाही. टॅलबटच्या खोलीतला विल्बर इथे रस्त्यावर आला. पुढे मात्र आईला झोंबी चावल्याचं कळतं, तेव्हा राइट एकही विनोद करत नाहीत, आणि तो प्रसंग पोटात खड्डा पाडतो. झोंबीपटांचे जनक जॉर्ज रोमेरो यांना हा चित्रपट इतका आवडला की 2005च्या ‘लँड ऑफ द डेड’मध्ये त्यांनी राइट आणि पेग दोघांनाही झोंबी म्हणून उभं केलं.

2017मध्ये जपानच्या शिनइचिरो उएदा यांनी ‘वन कट ऑफ द डेड’ केला तो सुमारे 30 लाख येन खर्चात. पहिली 37 मिनिटं एकच न तुटलेलं दृश्य: ओसाड इमारतीत झोंबीपट काढणाऱ्या चमूवर खरे झोंबी येतात. अभिनय विचित्र, मध्येच निरर्थक गप्पा, कॅमेरा एकदा जमिनीवर पडून राहतो. प्रेक्षक चुळबुळायला लागतो. मग गोष्ट महिनाभर मागे जाते आणि कळतं की तो वाहिनीवर थेट दाखवायचा, एकाच फटक्यात चित्रित करायचा कार्यक्रम होता. तिसऱ्या भागात तीच 37 मिनिटं कॅमेऱ्याच्या मागून दिसतात. झोंबी झालेला नट दारूने धुंद आहे, आवाजाच्या माणसाचं पोट बिघडलंय. आणि कोणीही थांबू शकत नाही, हसू शकत नाही, कारण थेट प्रक्षेपण चालू आहे. ग्लेन स्ट्रेंज यांना हसू आवरत नव्हतं तेव्हा पुन्हा चित्रित करायची सोय होती. इथे ती सोय काढून घेतली आणि तोंड गंभीर ठेवण्याची धडपड हेच कथानक झालं. शेवटच्या, उंचावरून घ्यायच्या दृश्याआधी क्रेन मोडते, आणि रक्ताने माखलेले नट आणि तंत्रज्ञ सगळे एकमेकांच्या खांद्यांवर चढून मानवी मनोरा रचतात.

जपानमध्ये या चित्रपटाने 3 अब्ज येनहून अधिक कमाई केली. फ्रान्सच्या मिशेल हाझानाव्हिसियस यांनी त्याची ‘कूपे!’ ही फ्रेंच आवृत्ती केली आणि 2022च्या कान महोत्सवाचं उद्घाटन तिनेच झालं. त्यांनी तिन्ही भागांचा क्रम जसाच्या तसा ठेवला: आधी फसलेला झोंबीपट, मग त्याची तयारी, मग पडद्यामागची धावपळ.